गुरुजींच्या कमरेला पिस्तूल

उमरेड तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाने उद्या ठरवले, की आपण शाळेत पिस्तूल बाळगायचे, आणि तेही सदऱ्याखाली, कोणाला दिसणार नाही असे. कायद्याने त्याला तसे करता येईल का? आणि येत नसेल, तर यावे का? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत या प्रश्नाचे उत्तर आज 'हो' असे आहे. पाकिस्तानच्या एका प्रांताने आणि थायलंडच्या दक्षिण टोकानेही कधी ना कधी 'हो' म्हटले. आपल्याकडे हा प्रश्न अजून विधानसभेत आलेला नाही, पण शाळेत गोळी सुटल्याची बातमी आली, की पारावर आणि शिक्षकांच्या खोलीत तो हमखास निघतो. म्हणून त्याचे उत्तर नीट, पुराव्यानिशी शोधायला हवे.

अर्जाची वाट

आधी आपल्या शिक्षकाचा अर्ज कुठवर जातो ते पाहू. उमरेड हे नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४५ किलोमीटरवरचे गाव. कोळशाच्या खाणी आणि कऱ्हांडल्याचे वाघ या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जाते. नागपूर शहरात शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात. उमरेड ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येत असल्याने इथल्या माणसाचा अर्ज नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्यानुसार वय २१ पूर्ण हवे. जिल्हाधिकारी स्थानिक ठाण्याकडून अहवाल मागवतात. जिवाला खरोखर धोका आहे का, अर्जदारावर गुन्हे आहेत का, चालचलन कसे आहे, याची चौकशी होते. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण लागते, घरात ते कुलपात ठेवण्याची सोय लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवाना पाच वर्षांसाठी मिळतो.

समजा, हे सगळे पार पडले आणि परवाना हातात आला. आता २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात हवे, पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवे. म्हणजे पिस्तूल झाकून बाळगणे हा भारतात अपवाद नाही, रीतच आहे. ते उघडे मिरवणे हा गुन्हा. मग अडते कुठे? परवान्याच्या अटींमध्ये. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शैक्षणिक संस्थेचे आवार, इथे खास परवानगीवाचून शस्त्र न्यायचे नाही, असे ती अट सांगते. आपल्या शिक्षकाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून सुटला तरी शाळेच्या फाटकाशी येऊन थांबतो.

याच शाळेच्या इमारतीबद्दल कायद्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. निवडणूक आली, की आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. मतदानाच्या दिवशी बहुतेक गावांत शाळाच मतदान केंद्र होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १३४ ब त्या दिवशी केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन यायला मनाई करते. मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय परवाना रद्द. या मनाईतून कोणाला सूट आहे? निवडणूक निर्णय अधिकारी, बंदोबस्तावरचे पोलीस आणि मतदान केंद्राध्यक्ष. हा केंद्राध्यक्ष कित्येकदा शिक्षकच असतो. म्हणजे शाळेच्या इमारतीत शस्त्र बाळगायला निदान या कलमाने तरी गुरुजींना मनाई नाही, असा एक दिवस आपल्या कायद्यात आहे. तरीही मतदान यंत्र, शाईची बाटली आणि मतदार यादी घेऊन निघालेले गुरुजी पिस्तूल मागत नाहीत. दाराशी पोलीस उभा असतो आणि कामाची वाटणी सगळ्यांना मान्य असते, म्हणून त्यांना ते लागत नाही.

हा प्रश्न आला कुठून

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा सहाध्यायी आणि एका शिक्षकाला ठार मारले. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत वीस चिमुकली मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर 'नॅशनल रायफल असोसिएशन' या बंदूकधाऱ्यांच्या बलाढ्य संघटनेने मागणी लावून धरली, की शाळाशाळांत शस्त्रधारी माणूस हवा. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलँडमध्ये सतरा जण गेले. फ्लोरिडाने लगेच शाळेतल्या कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू देणारी 'गार्डियन' योजना आणली आणि २०१९ मध्ये ती वर्गशिक्षकांनाही खुली केली. तिथे १४४ तासांचे प्रशिक्षण लागते. ओहायोत पूर्वी शाळेत शस्त्र बाळगणाऱ्या शिक्षकाला सातशेहून अधिक तासांचे पोलिसी प्रशिक्षण लागे. २०२२ च्या कायद्याने ते २४ तासांवर आणले. २०२३ च्या मार्चमध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या शाळेत सहा जण मारले गेले आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने ४० तासांच्या प्रशिक्षणावर शिक्षकांना शस्त्र झाकून बाळगण्याची वाट मोकळी केली. आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकाजवळ पिस्तूल आहे की नाही, हे त्या कायद्यानुसार पालकांना कळवले जात नाही.

अमेरिकेत हे इतक्या सहज घडते, कारण शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या घटनेतच आहे. १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीपासून तो तिथे रुजलेला आहे. आपल्याकडे तो का नाही, याची हकिगत आपल्याच प्रांतातून जाते.

घटना समितीतला निकाल

लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा केला आणि सामान्य हिंदी माणसाच्या हातून परवान्याविना शस्त्र काढून घेतले. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला कायम सलत राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. ज्या पिढीने घटना लिहिली, तिला हा विषय नवा नव्हता.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हा मुद्दा आला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. त्या प्रांताची राजधानी नागपूर आणि उमरेड त्याच प्रांतातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. असा हक्क घटनेने सरसकट दिला, तर तो गुंड आणि सराईत गुन्हेगारांनाही द्यावा लागेल, ही अडचण त्यांनी दाखवली. दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देते, तो शांततेने आणि विनाशस्त्र. परक्या सरकारने शस्त्र हिरावले होते, तरीही स्वतःचे राज्य आल्यावर आपण विचारपूर्वक ठरवले, की शस्त्र हा हक्क नाही, ती परवान्याने मिळणारी सवलत आहे. वर सांगितलेली फाटकापाशीची अट याच निर्णयाची लेक आहे.

बंदुकीच्या बाजूने

तरीही शिक्षकाला शस्त्र द्या म्हणणाऱ्यांची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे, कारण ती पोकळ नाही.

पहिली गोष्ट अंतराची. टेक्सासमधल्या हॅरोल्ड या छोट्या गावाच्या शाळा मंडळाने अगदी आधी शिक्षकांना शस्त्र झाकून बाळगायला परवानगी दिली. शेरीफचे ठाणे दूर आहे, तो येईपर्यंत सगळे आटोपलेले असेल, हे त्यांचे कारण. उमरेड तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावांनाही हे अंतर ठाऊक आहे. ११२ वर फोन लागला तरी गाडीला रस्ता कापावाच लागतो.

दुसरी गोष्ट धैर्याची. २० जानेवारी २०१६ रोजी पाकिस्तानातल्या चारसद्दा इथल्या बाचा खान विद्यापीठावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी आपल्या पिस्तुलातून गोळ्या झाडून हल्लेखोरांना थोपवले आणि विद्यार्थ्यांना पळायला वेळ मिळवून दिला. ते स्वतः मारले गेले. त्यांच्या हातात पिस्तूल नसते, तर आणखी काही मुले गेली असती, हे नाकारता येत नाही. ज्या प्रदेशात शाळांवर सशस्त्र टोळ्या चालून येतात, तिथल्या शिक्षकाला शस्त्र का हवे असते, हे त्या एका प्राध्यापकाच्या मरणाने दाखवून दिले.

पण कायदा एका शूर माणसासाठी करता येत नाही. तो हजारो शिक्षकांसाठी, वर्षाच्या सगळ्या दिवसांसाठी करावा लागतो. म्हणून दोन प्रश्न तपासायचे. हल्ल्याच्या क्षणी शिक्षकाचे पिस्तूल किती उपयोगी पडते? आणि हल्ला नसलेल्या दिवशी ते काय करते?

त्या काही सेकंदांत

रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास करून २००८ मध्ये अहवाल दिला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सुमारे १८ टक्केच लक्ष्यावर लागल्या होत्या. समोरचा गोळी झाडत नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच गेले. ही माणसे रोज शस्त्र बाळगणारी, नेमाने सराव करणारी. उरलेल्या गोळ्या कुठे तरी जातातच. चौकात त्या भिंतीला लागतील. वर्गात तीस-चाळीस मुले जीव मुठीत धरून धावत असताना त्या कोणाला लागतील?

नुसते शस्त्र हातात असून भागत नाही, हेही दोनदा दिसले. पार्कलँडच्या शाळेत नेमलेला सशस्त्र अधिकारी आवारात होता, पण गोळीबार चाललेल्या इमारतीत तो गेला नाही. टेक्सासमधल्या युवाल्डीत २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवशी तिथे एकूण ३७६ पोलीस आणि सुरक्षा अधिकारी जमले. तरीही हल्लेखोराच्या वर्गात शिरायला ७७ मिनिटे लागली. ज्यांचा हा पेशा आहे त्यांचीही पावले अडली, तिथे पाढे आणि बाराखडी शिकवणाऱ्या बाईंकडून आपण काय मागतो आहोत, याचा विचार करावा. शिवाय धावत आत शिरलेल्या पोलिसाला साध्या कपड्यात पिस्तूल रोखून उभा असलेला माणूस दिसला, तर तो शिक्षक की हल्लेखोर, हे त्याने कसे ओळखायचे?

लपवलेल्या शस्त्राचा आपल्या विद्याप्रांगणातला एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. २२ जुलै १९३१. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला भेट द्यायला आले. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लावून इंग्रजांनी अत्याचार केले होते. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिले होते. त्याचा सूड म्हणून महाविद्यालयाचे विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे यांनी ग्रंथालयात हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. खिशातल्या धातूच्या बटणाने गोळी अडवली आणि गव्हर्नर वाचले. गोगट्यांना तिथल्या तिथे झडप घालून धरले. पुढे ते 'हॉटसन गोगटे' म्हणूनच ओळखले गेले.

गोगट्यांच्या पाठीशी देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास होता. आजच्या शाळेतल्या गोळीबारांशी त्याची तुलना करणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. पण घटनेची यांत्रिक बाजू बोलकी आहे. गव्हर्नरसारखा माणूस, भोवती लवाजमा, तरीही हाताच्या अंतरावरून अचानक निघालेल्या पिस्तुलापुढे कोणाला आपले शस्त्र उपसायला वेळ मिळाला नाही. उपयोगी पडले ते धावून जाऊन धरलेले हात. लपवलेल्या शस्त्राचा सारा फायदा जो आधी काढतो त्याला, आणि शाळेवर हल्ला करणारा नेहमी आधीच काढतो.

हल्ला नसलेले दिवस

शाळा वर्षाला दोनशेहून अधिक दिवस भरते. त्या प्रत्येक दिवशी पिस्तूल कुठे तरी असणार. कमरेला असेल तर गुरुजी पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसतात, कबड्डीत उतरतात, रडणाऱ्या मुलीला जवळ घेतात, तेव्हा ते तिथेच असते. टेबलाच्या खणात असेल तर खणाची किल्ली वर्गातल्या चार मुलांना ठाऊक असते. लोखंडी कपाटात कुलूपबंद असेल तर ते सुरक्षित खरे, पण मग हल्ल्याच्या क्षणी हाताशी नाही. जवळ ठेवले तर धोका, दूर ठेवले तर उपयोग नाही. या कोंडीला प्रशिक्षणाचे कितीही तास पुरे पडत नाहीत.

घडलेल्या घटना हेच सांगतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका प्राथमिक शिक्षिकेचे पिस्तूल शाळेच्या स्वच्छतागृहात चुकून उडाले आणि ती स्वतः जखमी झाली. १३ मार्च २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या सीसाइड हायस्कूलमध्ये एक शिक्षक वर्गाला शस्त्र सुरक्षिततेचा पाठ देत होता. तो राखीव पोलीस अधिकारीही होता. त्याच्या हातून गोळी सुटून छताला लागली आणि एक विद्यार्थी जखमी झाला.

सगळ्यांत जिव्हारी लागणारी हकिगत पाकिस्तानची. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर तालिबानने हल्ला केला. सुमारे दीडशे माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक विद्यार्थी. त्या दुःखातच खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगायला मुभा दिली. २०१५ च्या जुलैत स्वात खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि पाचवीतला मुलगा मरण पावला. मुलांना वाचवण्यासाठी शाळेत आणलेल्या बंदुकीने घेतलेला तो बळी होता. थायलंडच्या पट्टानी, यला आणि नराथिवात या दक्षिणेकडच्या प्रांतांत २००४ पासून बंडखोरी पेटली. तिथेही शिक्षकांना पिस्तुले बाळगायची सोय झाली, सैनिकांचा पहारा मिळाला. तरी शंभराहून अधिक शिक्षक मारले गेले, कित्येक जण शाळेच्या वाटेवर. दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यापुढे त्यांचे पिस्तूल कमरेलाच राहिले.

आपल्याकडे शाळकरी मुलांना नेमबाजी शिकवण्याची परंपराच नाही, असे मात्र नाही. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. एनसीसीची मुले आजही .२२ रायफल चालवायला शिकतात. पण ती रायफल कोतमध्ये, म्हणजे कुलूपबंद शस्त्रागारात असते. नोंदवहीत सही करून बाहेर येते, रेंजवर नेली जाते, गोळ्या आणि रिकामी काडतुसे मोजली जातात आणि ती पुन्हा कोतमध्ये जाते. शस्त्र कुठे आहे, किती आहेत आणि कोणाच्या हातात आहेत, हे तिथे सगळ्यांना माहीत असते. कोणालाच काही माहीत नसणे हाच सदऱ्याखालच्या पिस्तुलाचा गुण मानला जातो. मुले असलेल्या जागी याहून मोठा दोष कोणता?

शाळेत बंदूक येते कुठून

आता आपल्या देशातल्या घटना पाहू. ११ डिसेंबर २००७ रोजी गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलाला दोघा वर्गमित्रांनी गोळ्या घातल्या. पिस्तूल एकाच्या वडिलांचे, परवान्याचे. २० जानेवारी २०१८ रोजी हरियाणातल्याच यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेला तिच्या खोलीत गोळ्या घालून मारले. रिव्हॉल्वर वडिलांचे, परवान्याचे. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधल्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल आणले आणि तिसरीतल्या मुलाला जखमी केले. त्याच वर्षी डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या छतरपूरला बारावीच्या मुलाने प्राचार्यांना गोळी घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला नववीतल्या मुलाने जेवणाच्या डब्यात लपवून गावठी कट्टा आणला आणि शिक्षकावर झाडला.

यांपैकी एकाही ठिकाणी बाहेरची टोळी चालून आली नव्हती. गोळी झाडणारा त्याच शाळेतला मुलगा होता. मग गुरुजींनी पिस्तूल काढले असते तर कोणावर रोखले असते? नर्सरीतल्या पोरावर? यमुनानगरची मुख्याध्यापिका आपल्याच विद्यार्थ्याला खोलीत येताना पाहून पिस्तूल उपसून बसली असती का? ज्या दिवशी शिक्षक आपल्या विद्यार्थ्याकडे तसा पाहू लागेल, त्या दिवशी शाळा संपली.

अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० या काळातल्या शाळांवरच्या ३७ हल्ल्यांची छाननी केली. त्यात दोन गोष्टी निघाल्या. ६८ टक्के हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या घरातून किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. आणि ८१ टक्के घटनांत, हल्ला होण्याआधी किमान एका माणसाला त्याचा सुगावा लागलेला होता. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे मित्र, वर्गसोबती नाही तर भावंड. म्हणजे आधी थांबवायच्या दोन जागा आहेत, घरातले कपाट आणि मुलांच्या तोंडची कुजबुज. या दोन्ही जागी पिस्तूल उपयोगाचे नाही.

छडी गेली ती कशासाठी

शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा. त्याचे कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घालते. गुरुजींच्या हातची छडी काढून घ्यायला आपल्याला कित्येक पिढ्या लागल्या. भीतीने मूल शिकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. ज्या हातात छडी नको म्हटले, त्याच हाताजवळ पिस्तूल असावे, हे एकाच कायद्याच्या राज्यात कसे बसेल?

त्याच कायद्याचे कलम २७ सांगते, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी सोडून शिक्षकाला शिक्षणबाह्य काम देऊ नये. बंदूक घेऊन पहारा करणे या यादीत नाही. शिक्षक संघटना शिक्षणबाह्य कामांविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. पहाऱ्याचे काम त्यांच्या गळ्यात घालणे म्हणजे त्या तक्रारीवर मीठ चोळणे.

उमरेडच्या शाळेने काय करावे

उमरेडकडच्या मुलांच्या जिवाला धोके आहेत, आणि ते खरे आहेत. नागपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहने धावतात आणि मुले त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत जातात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली घोषित झाले. त्याच्या काठच्या गावांत वाघ-बिबट्याचा माग निघाला, की पोरे शाळेत पाठवायला आया घाबरतात. या धोक्यावरही गुरुजींची बंदूक हा उपाय नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार माणसांना धोका ठरलेल्या वाघाबद्दल काय करायचे, हे मुख्य वन्यजीव रक्षक ठरवतात. मुलांना घोळक्याने नेणे, वाटेवरची झुडपे तोडणे, वन विभागाला वेळेवर कळवणे, हेच कामी येते. तिसरा धोका शाळेच्या आतला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर राज्य सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी आणि सखी सावित्री समिती यांबद्दल शाळांना पुन्हा बजावले. पिस्तुलापेक्षा या चार गोष्टींनी किती तरी जास्त मुले वाचतील.

बंदुकीच्या हल्ल्याची भीती असेल, तर त्यावरचे उपायही साधे आहेत. शाळेला आवारभिंत आणि येण्या-जाण्याचे एकच फाटक असावे. येणाऱ्याचे नाव नोंदले जावे. प्रत्येक वर्गाचे दार आतून पक्के बंद होईल अशी कडी असावी. सगळ्यांना ठाऊक असलेली धोक्याची घंटा असावी आणि तिची तालीम व्हावी. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. फाटकावर शस्त्रधारी माणूस लागलाच, तर तो गणवेशातला, उघड दिसणारा आणि पोलिसांना जबाबदार असावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलांना बोलता यावे. समजा, मधल्या सुट्टीत एखादी मुलगी बाईंजवळ घुटमळते आणि हळूच म्हणते, "बाई, आमच्या वर्गातला एक पोट्टा म्हनते का मी उद्या घरून पिस्तूल आनतो." बाईंनी "जा गं, काहीही सांगत नको बसू" म्हणून तिला हुसकले, तर शाळेने आपले सर्वांत मोठे संरक्षण गमावले. बाईंनी तिचे नीट ऐकले, तिचे नाव कुठे न सांगता मुख्याध्यापकांना गाठले, मुलाला एकटे बोलावून मायेने विचारले, पालकांना त्याच दिवशी बोलावले, गरज पडली तर ठाण्याला कळवले, तर उद्याची गोळी आजच थांबते. हे काम शिक्षकच करू शकतो, कारण मुले त्याच्यावर विश्वास टाकतात. कमरेला पिस्तूल आले, की हा विश्वास उरत नाही.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे. शिक्षकांना शाळेत शस्त्र झाकून बाळगू देऊ नये. आपल्या कायद्याने शाळेच्या फाटकाशी घातलेली अट योग्य आहे आणि ती टिकवली पाहिजे. चारसद्द्याच्या त्या प्राध्यापकाला मनापासून वंदन करूनही हेच म्हणायला हवे.

आणि एक विनंती. तुमच्या घरात परवान्याचे शस्त्र असेल, तर आजच पाहा, ते कुलपात आहे ना, गोळ्या वेगळ्या कुलपात आहेत ना, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याच जवळ आहेत ना. शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर पुढच्या बैठकीत फाटक, कड्या आणि तक्रारपेटी हे तीन विषय घ्या. शिक्षक असाल, तर मधल्या सुट्टीत घुटमळणाऱ्या मुलाला आधी बोलू द्या.